अठ्ठावीसाव्या वर्षी बास्केटबॉल थांबलाय, आता बेळगाव भागात काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. खानापूर तालुक्यातला मुलगा, वय २८, उंची सहा फूट चार इंच. पीयूसीपासून (अकरावी-बारावीपासून) बास्केटबॉल, कर्नाटककडून सिनियर नॅशनल खेळलाय, बेंगळुरूत क्लबकडून खेळायचा, मग एका प्रायव्हेट लीगमध्ये दोन सीझनचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. त्यात गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं, तेवढ्यात लीगही थंड पडली आणि पोरगं घरी परत आलं. बीए दोन सेमिस्टर राहिलेलं तसंच सोडलंय. वडील म्हणायलेत मिळेल ती नोकरी धर, मित्र म्हणायलेत कर्ज काढून अकॅडमी टाक. आणि हा विचारतोय की प्रोफेशनल खेळून बाहेर पडलेल्या माणसाला आपल्या भागात करिअर म्हणून काही आहे का, की सगळं विसरून पहिल्यापासून सुरू करायचं.

तू माझ्याकडं शिकलेल्या पोरांच्या वयाचा आहेस म्हणून तू-च म्हणतो, राग मानू नको. मी सरकारी खात्याच्या टीमकडून खेळलोय, खेळणं थांबल्यावर एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा केला आणि तेव्हापासून बेळगावात शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना शिकवतोय. तुझ्यासारखे बरेच जण माझ्यासमोर बसून गेलेत, त्यामुळं हे पुस्तकातलं नाही.

तू प्रश्न नोकरी की अकॅडमी असा मांडलायस. मला तो तसा दिसत नाही. तुझ्याकडं दहा-बारा वर्षांच्या खेळातून दोन गोष्टी जमल्यात, एक कागद, म्हणजे नॅशनलची सर्टिफिकेटं, आणि एक हातातली विद्या. विद्या कुठं पळून जात नाही, चाळिशीतही ती तुझीच. कागदाला मात्र वयाची मुदत आहे, आणि ती मुदत दर महिन्याला कमी होतेय. तुझी खरी अडचण ही आहे की तू आणि तुझे घरचे विद्येचं काय करायचं यावर भांडायलात आणि कागद पेटीत पडून जुना होतोय. म्हणून माझं उत्तर क्रमाचं आहे. आधी कागद, त्याच्या जोडीला पोटापुरतं कोचिंग, आणि अकॅडमी सगळ्यात शेवटी.

आता यातलं बरंच तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे हे पण सांगतो. गुडघा आज कसा आहे, नॅशनलची सर्टिफिकेटं कुठल्या सालची आहेत, घरी किती महिने पगाराशिवाय चालेल, आणि कन्नड लिहिता-वाचता येतं का. या चार गोष्टी तू लिहिलेल्या नाहीस. त्या बदलल्या तर माझा सल्ला पण थोडा बदलेल.

आधी एक मनातलं काढून टाकूया. तुझ्या लिहिण्यात असं जाणवतं की लीग बंद पडली म्हणजे तू कमी पडलास. तसं नाही रे. आपल्या देशात बास्केटबॉलची प्रायव्हेट लीग हा प्रकारच अजून पक्का झालेला नाही. यूबीए नावाची लीग २०१५ ला सुरू झाली, पोरांना वाटलं आता दिवस बदलले, आणि २०१७ नंतर ती झालीच नाही. २०२२ मध्ये आयएनबीएल ही दुसरी लीग आली. या सगळ्या काळात ज्यांचं घर व्यवस्थित चाललं ते बहुतेक सगळे खात्याचे खेळाडू होते, रेल्वे, ओएनजीसी, आर्मी, बँका, इन्कम टॅक्स. विशेष भृगुवंशी बघ, भारताचा कॅप्टन राहिलेला, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळालेला, तोही ओएनजीसीचाच माणूस. तमिळनाडूची अनिता पॉलदुराई, २०२१ ची पद्मश्री, तिची नोकरी रेल्वेची. म्हणजे आपल्याकडं सगळ्यात वरच्या खेळाडूचा महिन्याचा पगार सुद्धा खेळातून कमी आणि खात्यातून जास्त आलाय. आणि खाती पण कायमची असतात असं नाही, विजया बँकेची बेंगळुरूत चांगली टीम होती, १ एप्रिल २०१९ ला ती बँकच बँक ऑफ बडोदात विलीन झाली.

सतनाम सिंगचं उदाहरण पण डोळ्यासमोर ठेव. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकॅडमीतून चौदाव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२ व्या नंबरवर घेतला. भारतात जन्मलेला पहिलाच. सगळ्या देशात त्याचे फोटो. खरं एनबीएच्या एकाही मॅचमध्ये तो उतरू शकला नाही, त्याखालच्या डी-लीगमध्ये टेक्सास लेजेंड्सकडून खेळला, पुढं डोपिंगच्या केसमध्ये दोन वर्षांची बंदी आली, आणि २०२१ मध्ये त्यानं एईडब्ल्यू या अमेरिकन कुस्तीच्या कंपनीशी करार केला. काही लोक याला अपयश म्हणतात, मी म्हणत नाही. एवढं मोठं नाव असलेल्या माणसाला पण पंचविशीतच दुसरं काम शोधावं लागलं, तर तुझ्यामाझ्यासारख्यांना लागणारच, यात लाज कसली.

आता कागदाचं बोलतो, कारण इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

केंद्र सरकारच्या खात्यांत स्पोर्ट्स कोट्यातून भरती होते तेव्हा तुझं साधं सर्टिफिकेट चालत नाही, ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म लागतो. इंटरनॅशनल खेळलेल्यासाठी फॉर्म १, राज्याकडून नॅशनल खेळलेल्यासाठी फॉर्म २, आंतरविद्यापीठसाठी फॉर्म ३ आणि शालेय नॅशनलसाठी फॉर्म ४. फॉर्म २ वर राज्य असोसिएशनच्या सेक्रेटरीची सही, फॉर्म ३ वर युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाच्या डायरेक्टरची किंवा डीनची. पोरं काय करतात, जाहिरात आली की मग सही आणायला धावतात, तोपर्यंत पदाधिकारी बदललेले असतात, जुन्या टुर्नामेंटचं रेकॉर्ड सापडत नाही, आणि शेवटची तारीख निघून जाते. तू जाहिरात येण्याची वाट बघू नको. या महिन्यात बेंगळुरूला जा, खेळलेल्या प्रत्येक नॅशनलसाठी फॉर्म २ भरून सही-शिक्का घे, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. युनिव्हर्सिटीकडून खेळला असशील तर तिथून फॉर्म ३ पण घे. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी असेल तर इथंच भुतरामहट्टीला काम होईल.

वयाचं गणित असं. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याला १८ ते २५, त्यात सूट नाही. म्हणजे हुबळीला साऊथ वेस्टर्न रेल्वेचं मुख्यालय जवळ असलं तरी तो दरवाजा तुझ्यासाठी बंद झालाय, त्यावर जीव जाळू नको. इन्कम टॅक्ससारख्या केंद्राच्या खात्यांत साधारण २७ ची मर्यादा असते आणि गुणवंत खेळाडूला पाच वर्षांपर्यंत सूट, एससी-एसटीला दहापर्यंत. म्हणजे तुझ्याकडं अजून साधारण चार वर्षं आहेत, आणि इन्कम टॅक्सचा कर्नाटक-गोवा असा एकच विभाग आहे तो आपल्याला सोयीचाच. त्यात टॅक्स असिस्टंटला डिग्री लागते, शिवाय कॉम्प्युटरवर तासाला ८००० की-डिप्रेशनचा स्पीड लागतो. एमटीएसला, म्हणजे शिपाई वगैरे सगळ्यात खालच्या पदाला, दहावी पुरते. बघ, राहिलेल्या दोन सेमिस्टरमुळं पगारात केवढा फरक पडतो.

पण इथं गुडघ्याचा प्रश्न येतो. खाती कोट्यातून खेळणारा माणूस घेतात, ट्रायल असते, आणि बऱ्याच जाहिरातीत अलीकडच्या ठराविक वर्षांतलीच कामगिरी धरतात. तुझं शेवटचं नॅशनल किती जुनं आहे हे बघावं लागेल. ऑपरेशनला वर्ष झालं असेल, सर्जननी खेळायला परवानगी दिली असेल, आणि चांगल्या फिजिओकडं मांडीची ताकद दोन्ही पायांची जवळजवळ सारखी आली असेल, तर अजून एक-दोन सीझन राज्यासाठी ट्रायल दे असं मी म्हणेन. पेरिमीटरवर, रिंगपासून लांब खेळ, पोस्टमध्ये रिंगखाली धडका घेत बसू नको. आणि गुडघा लचकतोय, जिना उतरताना भरवसा वाटत नाही असं असेल तर कोट्याचा नाद सोड. अर्धवट गुडघ्यावर ट्रायल देऊन तोच पाय परत फाडून घेतलेली पोरं मी बघितलीत, त्यानंतर त्यांना कोचिंगमध्ये साधा डिफेन्सिव्ह स्टान्स सुद्धा करून दाखवता येत नाही. पुढची वीस वर्षं तुला याच पायावर सिमेंटच्या कोर्टवर उभं राहायचंय.

महाराष्ट्राचं पण लोक तुला सांगत असतील. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. आणि महाराष्ट्रात खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी सर्टिफिकेट क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गावचा दाखला आहे म्हणून खेळाडू आरक्षण आपोआप मिळेल असं धरून बसू नको, प्रत्येक जाहिरातीतली अधिवासाची अट शब्द न शब्द वाच. आपल्या भागातली पोरं या दोन राज्यांच्या मध्ये अडकून वर्षं घालवतात, इकडं कन्नडचा पेपर अवघड वाटतो आणि तिकडं कागद पुरा होत नाही. माझं स्पष्ट मत आहे, कन्नड शीक. भाषेचा वाद आपल्या मनात जो असेल तो असू दे, तुला पोट भरायचंय. मराठी तुझी आईची, कन्नड लिहिता आलं आणि इंग्लिश-हिंदी कामापुरतं बोलता आलं की बेळगावात बसलेला कोच कोल्हापूर, हुबळी, गोवा, बेंगळुरू कुठंही काम करू शकतो. पुण्यातल्या कोचला हे जमत नाही.

आता डिग्री. यावर मी जरा हट्टानंच बोलतो. दोन सेमिस्टर राहिलेत, ती पहिल्यांदा संपव. आपल्या कॉलेजमध्ये जाऊन विचार, प्रत्येक युनिव्हर्सिटीला जास्तीत जास्त किती वर्षांत डिग्री पूर्ण करायची याची मर्यादा असते आणि सिलॅबस बदलला असेल तर कुठले पेपर धरतात ते लेखी घे. ती मुदत गेली असेल तर मैसूरचं केएसओयू किंवा इग्नू ही मुक्त विद्यापीठं आहेत, लांबचा रस्ता आहे खरं रस्ता आहे. डिग्री झाली की पुढं तीन वाटा उघडतात आणि तिन्ही तुझ्या खेळाच्याच आहेत.

पहिली बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. दोन वर्षांचा कोर्स. साध्या पदवीधराला पन्नास टक्के मागतात, नॅशनल किंवा आंतरविद्यापीठ खेळलेल्याला पंचेचाळीसवर घेतात, नियम बदलत असतात म्हणून प्रवेशाच्या वर्षीचं माहितीपत्रक बघून घे. शाळेत पीटी सर म्हणून कायम व्हायचं तर हा कोर्स लागतोच. त्यापुढं एमपीएड पंचावन्न टक्क्यांनी आणि नेट किंवा केसेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढलीस तर कॉलेजमध्ये फिजिकल डायरेक्टर होता येतं, आणि ती पोस्ट म्हणजे प्राध्यापकाच्या तोडीची. आपल्या बेळगावात कॉलेजं काय कमी आहेत का.

दुसरी एनआयएस. पतियाळाची संस्था १९६१ ची, कोचिंगचा डिप्लोमा एक वर्षाचा, बेंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातही त्यांची शाखा आहे. त्याशिवाय सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, तो कमी वेळात होतो, खरं त्याची किंमत डिप्लोमाएवढी नाही. मी डिप्लोमा केला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी जे वर्षानुवर्षं सहज करत होतो ते दुसऱ्याला शिकवायला वेगळीच अक्कल लागते. चांगल्या खेळाडूला ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) कसा मारायचा ते शरीराला माहिती असतं, तोंडाला माहिती नसतं. दहा वर्षांच्या पोराच्या हातात सात नंबरचा बॉल आणि डोक्यावर ३.०५ मीटरची रिंग दिली की ते पोर खांद्यावरून बॉल फेकायला शिकतं आणि तो शूटिंगचा दोष मग सोळाव्या वर्षीपण जात नाही. त्याला पाच नंबरचा बॉल आणि २.६० मीटरची रिंग पाहिजे. हे खेळून कळत नाही, शिकून कळतं.

तिसरी रेफरी. याच्याकडं कोणी बघत नाही आणि मला फार वाईट वाटतं. तालुका, जिल्हा, पीयू बोर्ड, युनिव्हर्सिटी, सगळीकडं टुर्नामेंट होतात आणि नियम नीट माहिती असलेला रेफरी मिळत नाही. राज्य असोसिएशनची परीक्षा दे, टेबलवर स्कोअरर, टायमर, चोवीस सेकंदवाला (शॉटची वेळ मोजणारा) म्हणून बसायला सुरुवात कर. नॅशनल खेळलेल्या माणसाची शिट्टी पोरं लगेच मानतात. यातून घर चालणार नाही, पण शनिवार-रविवारचे पैसे येतात आणि सगळ्या शाळांचे सर ओळखीचे होतात, आणि तुझं पुढचं काम त्या ओळखीतून येणार आहे. मात्र यालाही पळावं लागतं, त्यामुळं परत तेच, गुडघा.

अजून एक. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं २०२४ च्या क्रीडादिनाला, २९ ऑगस्टला, रिसेट नावाची योजना काढली, खेळणं थांबलेल्या खेळाडूंना पुढच्या कामासाठी शिकवायची. ग्वाल्हेरच्या एलएनआयपीई या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेकडं त्याचं काम दिलंय. वय २० ते ५०, बारावीच्या वरचे आणि खालचे असे दोन गट, बरंच शिकणं घरबसल्या. नॅशनल फेडरेशनच्या मान्यताप्राप्त स्पर्धांत खेळलेला माणूस त्यात बसतो. पुढची बॅच कधी आहे ते बघून अर्ज टाकून ठेव.

आता अकॅडमी. मित्रांचं मन चांगलं आहे, खरं त्यांनी बेळगावचा पाऊस हिशेबात धरलेला नाही. आपल्याकडं बहुतेक कोर्ट उघड्यावरची, सिमेंटची, शाळांच्या मालकीची. जून लागला की कोर्ट ओलं, जुलै-ऑगस्टमध्ये तर आठवडेच्या आठवडे बॉल टेकवता येत नाही, आणि तुझ्या खानापूरकडं पाऊस अजून जास्त. पालक पावसाळ्यात फी देत नाहीत, द्यायला पण का द्यावी. म्हणजे बारा महिन्यांचा हप्ता आणि नऊ महिन्यांची कमाई, त्यातही मार्चमध्ये परीक्षा. समजा तीस पोरं जमली आणि महिना हजार रुपये धरले, तीस हजार. त्यातून कोर्टचं भाडं, एक असिस्टंट, लाइटबिल, बॉल, कोन, जर्सी काढ. हातात शाळेच्या पीटी सरांच्या पगाराएवढे पण राहत नाहीत, वर बँकेचा हप्ता. एप्रिल-मे समर कॅम्प चांगला चालतो, तेव्हा गर्दी बघून पोरं फसतात आणि वाटतं की वर्षभर असंच असणार.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्यांना मी सांगतो की पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या कोर्टवर शिकव. बेळगावात मोठ्या इंग्लिश मीडियम शाळा आहेत, मिलिटरी स्कूल आहे, कित्तूरला मुलींची सैनिक शाळा आहे, शिवाय कोल्हापूर-सांगलीकडं निवासी शाळा भरपूर आहेत. निवासी शाळेत पार्टटाइम किंवा कॉन्ट्रॅक्टवर कोच म्हणून राहिलास तर जेवण-राहणं सुटतं, संध्याकाळी दोन तास कोर्ट आणि बाकीचा दिवस बीएचा अभ्यास. पगार फार नसेल. पण त्या दोन वर्षांत तुला कळेल की तुला शिकवणं खरंच आवडतं का. सगळ्या चांगल्या खेळाडूंना ते आवडत नाही, आणि आवडत नसेल तर जबरदस्ती कोच होऊ नको, पोरांना ते लगेच समजतं. मग सरळ डिग्रीवरची नोकरी बघ, त्यात काही कमीपणा नाही.

ज्युनियर ब्रिजमन नावाचा अमेरिकेतला खेळाडू होता, मिलवॉकी बक्सचा. बारा सीझन एनबीएमध्ये खेळला, बहुतेक बेंचवरून यायचा, आणि त्याचा सगळ्यात मोठा पगार वर्षाला साडेतीन लाख डॉलर, म्हणजे आजच्या स्टार खेळाडूंच्या मानानं काहीच नाही. त्यानं वेंडीज या बर्गरवाल्या हॉटेलांच्या शाखा घेतल्या, पण घ्यायच्या आधी आणि घेताना तो स्वतः जाऊन ते काम शिकला, किचनपासून. पुढं शंभराहून जास्त हॉटेलं झाली, मग कोका-कोलाचं बॉटलिंग, २०२४ मध्ये ज्या टीमकडून खेळला त्याच बक्समध्ये हिस्सा घेतला, २०२५ च्या मार्चमध्ये वारला तेव्हा अब्जाधीश होता. आणि त्याच एनबीएतला अँटवान वॉकर, २००६ चा चॅम्पियन, खेळातून दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले आणि २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आकडे आपल्या कामाचे नाहीत, मी तुला यातलं एवढंच घ्यायला सांगतो की धंदा टाकायच्या आधी तो धंदा दुसऱ्याच्या जागेत शिकून घ्यायचा. अकॅडमीत ग्राउंडवरचं काम निम्मं, बाकीचं पालकांशी बोलणं, फी मागणं, शाळेच्या मॅनेजमेंटला सांभाळणं. ते शिकायला कर्ज लागत नाही.

शिकवायला लागलास की एक नियम पहिल्या दिवसापासून पाळ. मुली कोर्टवर असतील तर एखादी बाईमाणूस, मॅडम किंवा कोणाची तरी आई, तिथं असलीच पाहिजे. एकट्या मुलीला एकट्यानं प्रॅक्टिस देऊ नको, मेसेज पालकांच्या ग्रुपवरच टाक, टुर्नामेंटला बाहेरगावी नेताना महिला मॅनेजर घे. हे पोरींच्या सुरक्षेसाठी आहे आणि आपल्या भागात आईवडील मुलीला खेळायला पाठवतात की नाही हे यावरच ठरतं. पोरी आल्या की कोर्ट टिकतं, हे मी बघितलंय.

पैशाचं एक छोटं काम राहिलं असेल ते पण कर. लीगनं तुला कॉन्ट्रॅक्टवर पैसे दिले तेव्हा बहुतेक दहा टक्के टीडीएस कापला असणार. तुझं वर्षाचं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेच्या आत असेल तर तो रिटर्न भरून परत मिळतो. पॅननं इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर लॉगिन करून फॉर्म २६एएस बघ, त्यात कापलेला टॅक्स दिसतो. मुदत गेलेल्या वर्षांचं काय करता येतं ते खडेबाजारातल्या कुठल्याही चांगल्या टॅक्सवाल्याला विचार. पोरं हे पैसे तसेच सोडून देतात, का तर रिटर्न म्हणजे मोठ्या लोकांचं काम असं वाटतं.

वडिलांबद्दल. तू लिहिलंयस की ते रोज बोलतात आणि तुला ऐकवत नाही. त्यांना बास्केटबॉलमधलं कळत नसेल, पण घरातला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा सकाळी कुठं जातो हे त्यांना दिसलं पाहिजे. त्यांच्यापुढं भाषण करू नको, एका कागदावर लिहून दे, या वर्षी बीए, सोबत अमुक शाळेत कोचिंग, महिना इतके रुपये घरात, पुढच्या वर्षी बीपीएड किंवा एनआयएसचा अर्ज, आणि या-या जाहिराती आल्या तर अर्ज. आपल्याकडची माणसं तोंडच्या स्वप्नावर विश्वास ठेवत नाहीत, लिहिलेल्या हिशेबावर ठेवतात. आणि तोपर्यंत गावात कोणी "आता काय करायलास" विचारलं तर सरळ सांग, बीए पूर्ण करायलोय आणि पोरांना शिकवायलोय.

तर क्रम परत एकदा सांगतो, घाईत वाचणाऱ्यांसाठी. या महिन्यात फॉर्म २ आणि गुडघ्याची नीट तपासणी. जून-जुलैच्या आत कॉलेजमध्ये राहिलेल्या सेमिस्टरची चौकशी आणि फी. त्याच्यासोबत एखाद्या शाळेत कोचिंग, रेफरीची परीक्षा. गुडघा साथ देत असेल तरच राज्याची ट्रायल आणि केंद्राच्या खात्यांचे अर्ज. डिग्री हातात आली की बीपीएड किंवा एनआयएस, दोन्हीतलं काय ते तुला शाळेची नोकरी पाहिजे की मोठ्या पोरांची टीम पाहिजे यावर. कर्जाची अकॅडमी आत्ता नको.

आता तू मला एवढं कळव. शेवटचं सिनियर नॅशनल कुठल्या सालचं, युनिव्हर्सिटीकडून खेळलायस का, बीएची किती मार्क्स कार्डं हातात आहेत आणि त्यात टक्के किती, आणि ऑपरेशन होऊन किती महिने झालेत. दहावीला कन्नड कुठल्या भाषेच्या जागी होतं ते पण लिही. ते बघून फॉर्म कुठला चालेल आणि कुठल्या जाहिरातीत तू बसतोस ते नावानिशी सांगतो.